दुधी कडू नव्हता

आमच्या गल्लीत एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती खोटी आहे. माझ्या बायकोच्या जिभेची चव गेली होती, म्हणून तिने एका सज्जन भाजीवाल्याचा चांगला दुधी कडू ठरवला, आणि चूक कळल्यावर मोठ्या मनाने चारचौघांत माफी मागितली, अशी ती गोष्ट. तिच्यात मी कुठेच नाही. गडबड आहे ती एवढीच.

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं माल तपासला. पंपांचे सुटे भाग यायचे, मी मापायचो, ठोकून बघायचो, आणि नापास असला तर लाल खडूने फुली मारायचो. माझी फुली पडली की मालकसुद्धा ‘जाने दो भिया’ म्हणत नसत. चांगल्या मालावर मी कधी फुली मारली नाही. एवढ्या वर्षांची ती पुण्याई मी एका दुधीवर घालवली.

सुरुवात माझ्या लिव्हरपासून झाली. पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.

“दारू?” डॉक्टरांनी विचारलं.

“कधीच नाही,” मी ताठ बसून म्हणालो.

“सेव?”

हा प्रश्न फक्त इंदूरचाच डॉक्टर विचारू शकतो. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. उत्तर हिने दिलं. “डॉक्टरसाब, ये पोहे पे सेव नहीं डालते. सेव पे पोहे डालते हैं.”

डॉक्टर हसले आणि मग समजावून सांगायला लागले. लिव्हरवर चरबी आहे, घाबरायचं कारण नाही, वजन उतरवा, रोज चाला, तळलेलं आणि गोड कमी करा. हिने विचारलं, “और जूस?” ते म्हणाले, “माताजी, जूस से लिव्हर धुलता नहीं है. सब्ज़ी चबाकर खिलाइए. फिर भी देना हो तो थोड़ा-बहुत दीजिए.” यातलं ‘दीजिए’ तेवढं हिने ऐकलं आणि ‘धुलता नहीं’ तेवढं मी. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाल्यामुळे तिने ऐकलेलं खरं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला. दुधी, आवळा, पुदिना, आलं आणि चिमूटभर काळं मीठ. रंग म्हणाल तर आमच्या खान नदीचा, ती गटार होती त्या दिवसांतला. ग्लास समोर ठेवून ही कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत हलायची नाही.

आता इथे एक घरगुती गुपित सांगणं भाग आहे. ते आता गुपित राहिलेलं नाही, म्हणून सांगतो. त्या साथीच्या तापात हिची चव गेली. हळूहळू खारट परतलं, गोड थोडंथोडं परतलं, पण कडू काही परतलंच नाही. कारलं खा नाहीतर काकडी, दोन्ही सारखंच. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने चार लोकांना सांगून सहानुभूती मिळवली असती. पण हिचा मसालेभात म्हणजे गल्लीची शान. छत्रीबागेत मुंज असो की मंगळागौर, मिठाचा शेवटचा शब्द हिचाच. तिने मला देवासमोर उभं करून सांगितलं, “कुणाला बोलायचं नाही. आजपासून माझी जीभ तुम्ही.”

मी तिची जीभ झालो. पाहुणे असले की आमच्या खुणा ठरलेल्या. मी पाणी मागितलं तर मीठ जास्त, ताक मागितलं तर कमी, आणि नुसती मान हलवली तर सगळं बरोबर. तीन-चार वर्षं हा कारभार इतका सुरळीत चालला की हिच्या मसालेभाताची कीर्ती उलट वाढलीच.

दुधीच्या बाबतीत तर तिचा नियम पहिल्यापासून कडक होता, आणि तो बरोबरही होता. कडू दुधी पोटात जाता कामा नये. रस तर मुळीच नाही, कारण तो प्रकार विषारी असतो, माणूस दवाखान्यात पोचतो. तिच्या माहेरी दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती जिभेला लावून बघायची पद्धत होती. ते काम आता माझ्याकडे आलं. रोज सकाळी ती चकती पुढे करायची, मी चावून मान हलवायचो, मग मिक्सर फिरायचा. म्हणजे कारखान्यातून निवृत्त होऊनही मी तपासनीसच राहिलो.

एके दिवशी रस घेताना आवळ्याच्या तुरटपणाने माझं तोंड वाकडं झालं. मी सहज म्हणालो, “आज जरा कडसर लागतोय.”

ग्लासात पाल पडली असावी तशी तिने झडप घातली. रस मोरीत गेला, मला चूळ भरायला लावली, तासभर ‘मळमळतंय का?’ असं विचारत राहिली, आणि मग दया येऊन आल्याचा चहा आणि वाटीभर पोहे दिले. वर चिमूटभर शेवही.

तो चहा पिताना माझ्या मनात पाप आलं.

आठवड्यातून एकदा-दोनदा चकती चावून मी तोंड कसनुसं करायला लागलो. ठराविक वार ठेवले नाहीत, नमुना कसा तपासायचा हे मला शिकवायला नको होतं. एकदा लागोपाठ दोन दिवस, मग दहा दिवस काही नाही. पुढे तर मी इतका तरबेज झालो की नुसती भुवई वर केली तरी दुधी कचऱ्याच्या हिरव्या बादलीत जायचा. त्या दिवशी रस बंद, चहा-पोहे सुरू.

असे पाच-सहा दुधी वाया गेल्यावर एका सकाळी ती पाटावरून उठून माझ्यासमोर येऊन बसली.

“एक सांगा. दुधी कडू आहे की तुमचं तोंड कडू आहे?”

“म्हणजे?”

“समोरची म्हणत होती, लिव्हर बिघडलं की सगळंच कडू लागतं.” समोरची म्हणजे पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली, कॉलेजात शिकवणारी मुलगी. गल्लीतल्या बायकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप तीच चालवते. “तोंड कडू असेल तर आज डॉक्टरांकडे चला, परत सगळ्या तपासण्या करू. आणि चहा, पोहे, शेव, सगळं आत्तापासून बंद. डबाच देऊन टाकते कुणाला तरी.”

शेवेचा डबा तिने हातात घेतलासुद्धा होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर तिला खरोखर काळजी वाटत होती हे मला दिसलं असतं. मी डब्याकडे बघितलं.

“माझं तोंड ठणठणीत आहे,” मी म्हणालो. “भाजीवाल्याचा मालच बिघडलाय.”

माझा गुन्हा म्हणजे एवढं एकच वाक्य.

हा भाजीवाला वीस-एक वर्षं आमच्या गल्लीत ठेला घेऊन यायचा. त्याच्याआधी त्याचा बाप यायचा. सांवेरच्या बाजूला त्याचं थोडं शेत होतं. बाकी भाजी तो मंडीतून आणायचा, पण दुधी स्वतःच्या वेलाचा, बापाच्या वेळेपासून राखलेल्या बियांचा. गल्लीत शिरताना आरोळीही फक्त दुधीचीच द्यायचा, “आ गई लौकी, मक्खन लौकी!” बाकीच्या भाज्या न सांगता कळायच्या.

दुसऱ्या दिवशी ठेला दारात आला तेव्हा पाच-सहा बायका जमलेल्या होत्या. ही फाटकाशी गेली आणि म्हणाली, “भैया, तुमने ये क्या लौकी दी? कड़वी निकल रही है. हमारे इनको लिव्हर का है, जूस पीते हैं. कुछ हो जाता तो?”

तो आधी हसला. त्याला मस्करीच वाटली. “कड़वी? म्हारी लौकी? भाभीजी, आपके घर तो बाप के टाइम से जा री है.” मग तिचं तोंड पाहून तो गंभीर झाला. त्याने ठेल्यावरचा एक दुधी उचलला, सुरीने चकती कापली, अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी तिच्यापुढे धरली. “मेरेको तो मीठी लग री है. आप चख लो. आप बोलोगे कड़वी, तो कड़वी.”

सगळ्या बायका हिच्याकडे बघत होत्या. गल्लीची सगळ्यांत विश्वासू जीभ हिची. तिने चकती तोंडात टाकली, चावली, आणि फाटकाच्या आत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

तो दुधी मी चाखलाही नव्हता. मला फक्त मान हलवायची होती, सगळं बरोबर आहे म्हणून. पण काल बोललेलं वाक्य आज परत घ्यायचं तर शेव, चहा आणि इज्जत, तिन्ही एकदम जाणार होती. मी कडू तोंड करून खाली बघितलं.

“कड़वी है,” ती म्हणाली.

भाजीवाल्याने हातातल्या सुरीकडे पाहिलं. “माफ करना भाभीजी,” एवढंच म्हणाला आणि ठेल्यावरचे सगळे दुधी गोणपाटाखाली झाकून टाकले.

दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर सूचना फिरली. समोरच्या मुलीने ती तळमळीने लिहिली होती, कडू दुधीच्या रसाने काय होतं ते सगळं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खोटं होतं ते फक्त मूळ. आठ-दहा दिवस ठेला रिकाम्या गल्लीतून फिरला, मग यायचा बंद झाला.

मला वाटलं होतं, दुधी गेला म्हणजे रसही जाईल. दुसऱ्या आठवड्यात कोहळा आला. त्याच्या मागून बीट आलं. पण ‘कडू’ म्हणायची माझी हिंमत आता संपली होती. मी मुकाट्याने प्यायचो. सकाळी आरोळी ऐकू यायची नाही आणि घरात बसवायचं नाही, म्हणून चालायला जायला लागलो. छत्रीबागेतून लालबागेपर्यंत आणि परत. शेवेच्या डब्याकडेही हात जाईना. तीन-चार महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. डॉक्टर म्हणाले, “चलने से हुआ.” ही म्हणाली, “जूस से हुआ.” खरं तर तो लाजेमुळे सुधारला होता, पण लाज कुठल्या तपासणीत दिसत नाही.

त्याच दिवसांत एकदा लालबागेच्या फाटकाबाहेर मला तो दिसला. ठेला तोच, पण वर फक्त कोथिंबीर, लिंबं आणि मिरच्या.

“राम-राम अंकलजी! लिव्हर कैसा है?” त्यानेच आधी विचारलं. मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं.

“ठीक आहे. लौकी नाही ठेवत?”

“बेल उखाड़ दी.”

“कुठला वेल?”

“सारी. अंकलजी, मैं तो चार दिन खुद खा-खा के देखता रहा. मेरेको तो एक भी कड़वी नी लगी. पर भाभीजी ने मुँह में रखके बोला था. वो झूठ थोड़ी बोलेंगी. मैंने सोचा, मेरी ज़बान को आदत पड़ गई होगी. किसी की जान चली जाती तो?” त्याने कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं. “थोड़ा बीज बहन के गाँव में पड़ा है. पर अब डर लगता है लगाने में.”

मी लिंबं घेतली. दोन वेळा तोंड उघडलं, दोन्ही वेळा ‘धनिया भी दे दो’ एवढंच बाहेर पडलं. घरी आलो तेव्हा माझ्या हातात आठवडाभराची कोथिंबीर होती.

ही मेथी निवडत बसली होती. मी कोथिंबीर तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. पहिला आवळा, आल्याचा चहा, भुवई, शेवेचा डबा, फाटक, उखडलेला वेल. ती ओरडेल म्हणून मी तयारी केली होती. ती मेथी निवडत राहिली. देठ पानांत जात होते आणि पानं देठांत.

“त्याने दिलेला तुकडा मला पाण्यासारखा लागला होता,” ती शेवटी म्हणाली. “तुमचं तोंड बघून बोलले मी.”

“मी जाऊन सगळ्यांना सांगतो.”

“काय सांगाल? की माझ्या बायकोला चव कळत नाही आणि मी तिला फसवलं? एका घरातून दोन लाजा बाहेर काढायच्या?” तिने मेथी बाजूला सारली. “एकच काढू. माझी. ती आजारपणाची आहे, तिला कुणी हसणार नाही. तुम्ही गप्प उभे राहा. तेवढं छान जमतं तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी तिने त्याला लालबागेहून बोलावून घेतलं, बायकांना गोळा केलं आणि फाटकात उभं राहून सांगितलं की, माझी चव कित्येक वर्षांपासून गेलेली आहे, मी लपवली, लौकी मीठी थी, ग़लती मेरी थी, भैया माफ करना. तिने त्याला हात जोडले. तो इतका गडबडला की त्याने तिच्या पदरात लिंबं टाकायला सुरुवात केली. “अरे भाभीजी, ज़बान का क्या है, आज है कल नी है! आप तो पाप चढ़ा रे हो मेरेको!” समोरच्या मुलीचे डोळे भरून आले. “काकू, किती ग्रेट आहात तुम्ही!” आणि मी, ज्याला गप्प उभं राहणं छान जमतं, तो गप्प उभा राहिलो.

बहिणीच्या गावचं बी लागलं, वेल चढला, आणि गल्लीत पुन्हा मक्खन लौकीची आरोळी आली. पण गोष्ट इथे थांबली नाही. काकूंची जीभ गेली, तर दुधी तपासणार कोण? समोरच्या मुलीने सुचवलं, “काकांना विचारू या ना. काका तर क्वालिटीतलेच!” ठराव एकमताने पास झाला. तेव्हापासून रोज सकाळी ठेला आमच्या फाटकाशी थांबतो, प्रत्येक घरच्या दुधीची एक चकती कापली जाते आणि ती मी खातो. कुणी या शिक्क्याला ‘अंकलजी की मोहर’ म्हणतं. चहाच्या आधी दहा-बारा कच्च्या चकत्या. रसातला जेवढा दुधी मी चुकवला, त्याच्या तिप्पट आता माझ्या पोटात जातो. वर मान-सन्मान, तो तर त्याहून पचायला जड.

या उन्हाळ्यात एक चकती जिभेवर ठेवली आणि मी दचकलो. कडू. कडूजहर. मी ती थुंकून टाकली आणि म्हणालो, “भिया, ही कडू आहे.” त्याने एक शब्द विचारला नाही. स्वतः चाखली नाही. दुधी उचलून सरळ हिरव्या बादलीत टाकला. “पानी कम पड़ गया होगा इसको. अंकलजी ने बोल दिया तो बोल दिया.”

तो भरवसा मला पचला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कागदावर सांगणं सोपं आहे. तो काय मराठी वाचतो?”

तेव्हा आज सकाळी, ठेला थांबला, बायका जमल्या, आणि त्याने पहिली चकती पुढे केली, तेव्हा मी ती घेतली नाही. “भिया, पहले मेरी सुन लो,” म्हणालो, आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ताप खरा होता, पण तिची चूक नव्हती. खोटं मी बोललो होतो, रस चुकवायला आणि शेव वाचवायला. तुझी लौकी एकही कडू नव्हती.

समोरच्या मुलीने “काका!” असं काहीतरी म्हटलं आणि ओढणी तोंडावर धरली. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. भाजीवाल्याने पुढे केलेली चकती परत ठेल्यावर ठेवली.

“सेव के लिए?” त्याने विचारलं.

“सेव के लिए.”

“मेरी पूरी बेल?”

त्याने ठेल्यावरचे दुधी हाताने चाचपले, त्यातला सगळ्यांत जाडजूड उचलला, आणि चकती न कापता टोकाकडून वीतभर तुकडा तोडून माझ्या हातात दिला. “खाओ.”

मी खाल्ला. सगळ्यांच्या देखत, सालासकट, चावून चावून.

“कैसी है?”

“मीठी,” मी म्हणालो. खरंच गोड होता.

“आपका क्या भरोसा,” तो म्हणाला आणि उरलेल्या दुधीची पातळ चकती कापून त्याने हिच्यापुढे धरली. “भाभीजी बताएँगी.”

हिने चकती तोंडात टाकली. चावली. माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ त्याच्याकडे बघितलं, आणि अगदी मसालेभाताचं मीठ ठरवावं तशा गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “मेरेको तो कुछ समझ में नी आ रा, भैया. इनको पूरी खिला के देखो.”

गल्ली हसली, तोही हसला. मी उरलेला दुधी हातात घेतला आणि खायला लागलो.